सिस्टरला किस्सा विचारण्याआधी

हळदीकुंकू असो, बारसं असो, नाहीतर एसटीत शेजारी बसलेल्या बाई असोत, मी कॅज्युअल्टीत नोकरी केली आहे असं कळलं की तो प्रश्न येतोच. "सिस्टर, तुमच्याकडे काय काय नग येत असतील नाही? सांगा ना एखादा गमतीचा किस्सा!" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, हे मला माहीत आहे. तरी आज तुम्हा सगळ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, हा प्रश्न विचारण्याआधी जरा थांबा. का थांबायचं तेही नीट सांगते. नुसतं "गोपनीयता पाळा" म्हटल्यानं कुणाला काही पटत नाही.

कॅज्युअल्टीत हसू येतं, आणि पोट धरून येतं. पावसाळ्यात साप चावलेल्याला घेऊन लोक येतात. पेशंट बाकावर बसलेला, आणि त्याचा चुलता केसपेपरच्या खिडकीशी उभा, हातात प्लॅस्टिकची बरणी, बरणीत जिवंत साप. "डॉक्टरांना दाखवायला आणलाय." झाकण नीट बसलेलं नाही, हे कुणाच्या तरी लक्षात येतं आणि रांग क्षणात मोकळी होते. ज्यांना मघापर्यंत चालवत नव्हतं, तेही दाराबाहेर पोचलेले असतात. ड्रेसिंगच्या ट्रॉलीमागे ब्रदर, स्टुलावर मावशी, आणि चुलता मात्र शांतपणे म्हणतो, "आहो, काही करत नाही तो." आता तो करतो हे सिद्ध झालंय, म्हणून तर सगळे तिथे जमलेले असतात!

हा किस्सा मी कुठेही खुशाल सांगते. ग्रामीण भागातल्या कुठल्याही कॅज्युअल्टीत विचारा, असा चुलता तिथे येऊन गेलेला असतो. तो कुणा एकाचा नाही, त्यात कुणाची लाज नाही, आणि ऐकणाऱ्याच्या पदरात काहीतरी पडतं. आपल्याकडे दिली जाणारी सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर एकत्रच चालते. त्यामुळे साप आणायची गरज नसते. तो पकडायच्या नादात आणखी एकाला चावतो आणि वेळही जातो. मारलेल्या सापाचं तुटलेलं डोकंसुद्धा काही वेळ चावू शकतं. पेशंटला आणा, साप राहू द्या.

तसाच नाकातला हरभरा. पोरानं नाकात दाणा घातलेला, आई रडकुंडीला आलेली, आजी तपकिरीची डबी पुढे करते आहे. अशा वेळी डॉक्टर आईला शिकवतात की पोराच्या तोंडावर तोंड घट्ट ठेव, आम्ही मोकळी नाकपुडी दाबून धरतो, आणि एक जोरात फुंकर मार. पुष्कळदा दाणा टपकन बाहेर येतो, आईच्या गालावरच. मग पोरगं हसतं, आई हसते, आम्हीही हसतो. घरी मात्र पिन, चिमटा असलं काही घालू नका, पाणी किंवा तेल ओतू नका. हरभरा ओलाव्यानं फुगतो. आणि दाण्याऐवजी रिमोटमधला चपटा सेल नाकात गेला असेल किंवा गिळला असेल, तर हसण्यावारी नेऊ नका. अडकलेला सेल दोन तासांत आतली कातडी जाळू शकतो. तडक निघा.

याखेरीज आणखी एक हसू असतं, ते आमच्या चेंजिंग रूममधलं. रात्री लागोपाठ दोन अपघात आलेले, एक लेकरू हातातून गेलेलं, पहाटे चहाचे कप पुढ्यात, आणि कुणीतरी काहीतरी बोलतं नि सगळ्या जणी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतो. बाहेरच्या माणसाला ते निर्दय वाटेल. ते निर्दय नसतं. पुढच्या पेशंटसमोर धड उभं राहता यावं म्हणून ते आवश्यक असतं, आणि त्यासाठी मी कुणाही सिस्टरला बोल लावणार नाही. ते त्या खोलीत, त्या चार जणींत, दार लावून झालेलं असावं, एवढंच माझं मागणं आहे.

दार उघडं राहिलं की काय होतं, ते फिलिपिन्समधल्या सेबू शहरात 2008 साली जगाने पाहिलं. तिथल्या एका सरकारी हॉस्पिटलात एका माणसाच्या गुदद्वारात अडकलेला स्प्रेचा डबा शस्त्रक्रिया करून काढला. थिएटरात गर्दी जमलेली, कुणी चित्रीकरण करतंय, डबा बाहेर आला तसा आरडाओरडा आणि हशा. पुढे तो व्हिडिओ यूट्यूबवर गेला. चौकशी झाली, काही कर्मचारी निलंबित झाले, वर्तमानपत्रांचे मथळे झाले. पण विचार त्या माणसाचा करा. तो टेबलावर भूल दिलेल्या अवस्थेत पडलेला होता. आपण हसण्याचा विषय झालोय, हे त्याला इतरांकडून कळलं. शस्त्रक्रिया तर उत्तम झाली होती. त्याला बरं करणाऱ्या हातांनीच त्याला बाजारात उभं केलं.

"आम्ही नाव कुठे घेतो?" असं यावर आमच्याच काही मैत्रिणी म्हणतात. नाव न घेतल्यानं काही झाकलं जात नाही. न्यूयॉर्क-प्रेस्बिटेरियन या मोठ्या हॉस्पिटलात 2011 च्या एप्रिलमध्ये ट्रकनं धडक दिलेले 83 वर्षांचे एक गृहस्थ आणले गेले आणि तिथेच वारले. त्या वेळी टीव्हीच्या एका कार्यक्रमाचं चित्रीकरण चालू होतं. त्यांची वा घरच्यांची परवानगी कुणी घेतली नव्हती. पुढच्या वर्षी तो भाग लागला तेव्हा चेहरा पुसट केलेला होता, आवाज बदललेला होता, नाव तर नव्हतंच. तरी घरी टीव्ही बघत बसलेल्या त्यांच्या पत्नीनं नवऱ्याला ओळखलं. त्याचं मरण तिनं असं टीव्हीवर पाहिलं. 2016 मध्ये त्या हॉस्पिटलानं अमेरिकेच्या आरोग्य खात्याशी 22 लाख डॉलर भरून तडजोड केली. त्या बाईला त्यातून काय मिळालं असेल, तुम्हीच सांगा.

ही न्यूयॉर्कसारख्या महानगरातली गोष्ट. आपल्या तालुक्यात काय होईल? "नाव नाही सांगत हं, पण परवा बाजाराच्या दिवशी रात्री एक मास्तर आले होते..." एवढं पुरतं. मास्तर किती, परवा रात्री कुणाच्या दारात रिक्षा उभी होती, हे चहा संपायच्या आत शोधून काढणारी माणसं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. मास्तर सोमवारी वर्गात शिरतात तेव्हा मागच्या बाकावर खसखस पिकलेली असते.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र ज्याचा किस्सा झाला त्याचं नाही. ते पुढच्या पेशंटचं आहे, आणि तो पेशंट तुम्ही किंवा मी असू शकतो.

छातीत दुखतंय म्हणून पन्नाशीचा माणूस येतो. घाम फुटलेला, हात छातीवर. अशा वेळी जिभेखाली ठेवायची एक गोळी पुष्कळदा देतात, ती रक्तवाहिन्या रुंदावते. देण्याआधी आम्ही विचारतो, "काका, शक्तीची, पुरुषांची म्हणतात तसली काही गोळी घेतली होती का काल-परवा?" शेजारी बायको उभी, पायाशी मुलगा, पडद्यापलीकडे शेजारचा पेशंट कान देऊन. काका मान हलवतात, "छे छे." घेतलेली असेल, आणि आम्ही आमची गोळी दिली, तर रक्तदाब असा कोसळतो की माणूस डोळ्यांदेखत हातचा जाऊ शकतो. एका प्रकारच्या गोळीनंतर 24 तास आणि दुसऱ्या प्रकारच्या गोळीनंतर 48 तास तो धोका असतो. काकांना मरणाची भीती वाटत नसते असं नाही. पण त्या क्षणी हसं होण्याची भीती त्याहून मोठी वाटते.

किंवा बाविशीची मुलगी, पोटात दुखून कळवळते आहे. "पाळी कधी आली होती?" असं विचारलं की ती आधी आईकडे बघते, मग म्हणते, "वेळेवरच." गर्भ नळीत राहिला असेल आणि नळी फुटली, तर पोटात रक्तस्राव होतो आणि हातात फार थोडा वेळ उरतो. ती खोटारडी मुलगी नव्हे. सिस्टर आपल्याच आळीत राहतात, त्यांच्या तोंडून मागे कुणाचं तरी काहीतरी आपल्या घरी पोचलं होतं, हे तिला आठवत असतं. हळदीकुंकवात आपण हसून ऐकलेला किस्सा असा परत येतो.

आजकाल बाहेर जातं ते सगळं आमच्याच तोंडून जातं असंही नाही. एका पेशंटबरोबर दहा नातेवाईक, त्यातल्या तिघांचे मोबाइल चालू. आपल्या माणसाचं प्लॅस्टर दाखवायला म्हणून व्हिडिओ काढतात आणि मागच्या खाटेवरचा विष प्यायलेला मुलगा, त्याची ऊर बडवणारी आई, सगळं गावच्या ग्रुपवर जातं. तेव्हा कॅज्युअल्टीत शिरताना मोबाइल खिशात ठेवा. तुमच्या ग्रुपवर असलं काही आलं तर पुढे ढकलू नका, आणि टाकणाऱ्याला फोन करून काढून टाकायला सांगा. ग्रुपवर भांडण नको, फोनच करा. ओशाळून काढून टाकतात लोक, माझा अनुभव आहे.

कायदाही पेशंटच्या बाजूचा आहे. डॉक्टरांसाठी 2002 चे आचारनियम आहेत, मानसिक आजाराच्या पेशंटचे फोटो वा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देण्यास 2017 च्या कायद्यानं मनाई आहे, आणि महाराष्ट्रानं 2021 मध्ये नियम बदलून खासगी हॉस्पिटलांना रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायला सांगितलं आहे. पुढच्या वेळी गेलात तर ती सनद शोधा, दिसली नाही तर विचारा. आम्हा नर्सेसची शपथ तर याहून कितीतरी जुनी. 1893 साली अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये ती तयार झाली आणि तिला नाइटिंगेलबाईंचं नाव दिलं गेलं. पेशंटच्या खासगी गोष्टी आणि त्याच्या घरातल्या भानगडी बाहेर न नेण्याचं वचन तिच्यात आहे. शिकणाऱ्या मुली हातात दिवा धरून ती म्हणतात तेव्हा आईबाप समोर बसून टाळ्या वाजवतात. तेच आईबाप सुटीत घरी आलेल्या मुलीला "काय गं, काय विशेष तिकडे?" म्हणून खोदखोदून विचारतात. तिला घरातच मोडायला लावू नका ती शपथ.

गल्लत होऊ नये म्हणून एक सांगते. पेशंटबद्दल गप्प राहणं म्हणजे हॉस्पिटलच्या चुकांबद्दल गप्प राहणं नव्हे. रात्री चाळीस खाटांना एकच सिस्टर असेल, औषधं नसतील, कुणी पेशंटशी वाईट वागलं असेल, तर ते बोललंच पाहिजे, आणि बोलणाऱ्या सिस्टरच्या मागे तुम्ही उभं राहिलं पाहिजे. अपघात, विषबाधा, मारहाण यांची खबर पोलिसांना द्यावीच लागते. लहान मुलावर अत्याचार झाला असेल तर 2012 च्या कायद्यानं ती टाळताच येत नाही. ते काही चुगली करणं नव्हे.

घरच्या सिस्टरला विचारायचंच असेल तर वेगळं विचारा. रात्री जेवलीस का? कुणी त्रास देतं का तिथे? आज जड गेलं का? ती आपणहून बोलू लागली तर ऐका, आणि ते तुमच्यापाशीच राहू द्या. तिलाही मन मोकळं करायला माणूस हवं असतं.

आणि तुम्ही स्वतः पेशंट असाल, काही सांगायचं आहे पण घरच्यांसमोर जीभ रेटत नाही, तर सिस्टरला एवढंच म्हणा, "जरा एकट्यानं बोलायचं होतं." बाकीचं आमच्याकडे लागलं. मुलाला केसपेपर करायला पाठवू, बायकोला बाहेर पाणी आणायला सांगू, पडदा ओढू. मग गोळीचं नाव सांगा, कधी घेतली ते सांगा, पाळी चुकली असेल तर ते सांगा, दारू किती झाली ते सांगा. काय अडकलंय आणि कुठे, तेही सांगा. नाव आठवत नसेल तर गोळ्यांचं रिकामं पाकीट खिशात घालून आणा आणि न बोलता आमच्या हातात द्या.