जागलीचा पंचनामा कोण करणार?

वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्या रंगाचं आणि कसाचं कौतुक झालं, ते रास्तच. पण शेतकऱ्याला विचारलं तर तो तिचा आणखी एक गुण सांगतो: हळदीला रोही (नीलगायी) सहसा तोंड लावत नाहीत.

हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव-कळमनुरीच्या माळाकडे वळलं की या गुणाचं मोल कळतं. तिथं भुईमूग लावणं म्हणजे रानडुकरांना आवतण. हरभऱ्याचे शेंडे रोही खुडतात आणि खातात त्याहून जास्त तुडवतात. सोयाबीन उगवलं की हरणांचे कळप आलेच. म्हणून पेरणी ठरवताना बाजारभावाइतकाच जनावरांचाही विचार होतो. भुईमूग आणि ज्वारी मागे पडली त्याला सोयाबीनचा पैसा कारण आहेच, सगळं खापर डुकरांवर फोडण्यात अर्थ नाही. पण जे पीक भीतीपोटी पेरलंच नाही, त्याचा पंचनामा कुणी करत नाही.

2019 मध्ये टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ हिंगोलीतून ज्ञानगंगा अभयारण्याकडे गेला, तेव्हा जिल्हा बातम्यांत आला. वाघ पुढे गेला. रोही इथंच आहेत. आमच्याकडे व्याघ्र प्रकल्प नाही, मोठं सलग जंगल नाही. जनावरं राहतात ती गायरानात, ओढ्याच्या झुडपात, कयाधूच्या काठानं आणि उभ्या उसात. गायरानं अतिक्रमणात गेली, माळावरचा लांडगा हटला. मग कळप बांध ओलांडणार नाहीत तर काय करतील? वन्यजीव म्हणजे जंगल, असं धरून आखलेल्या योजना इथं तोकड्या पडतात त्या याचमुळे.

2011 च्या जनगणनेत राज्यात दर चौरस किलोमीटरला 365 माणसं होती, हिंगोलीत 244. विरळ वस्तीची ही शांतता औंढ्याजवळ येणाऱ्या लायगो प्रयोगशाळेला मानवते. 2023 मध्ये केंद्रानं त्यासाठी सुमारे 2,600 कोटी मंजूर केले. विश्वातली सूक्ष्म थरथर तिथं टिपली जाईल. शेजारच्या आखाड्यावर मात्र माणूस बॅटरी घेऊन जागलीला बसलेला असेल. रात्रीची वीज आली तर त्यानंच पाणीही द्यायचं. काहींनी झटका मशीन बसवलं, बाकीच्यांनी जुन्या साड्या बांधल्या. तारेत थेट वीज सोडणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती नाही. तिथं डुकराआधी शेजारचा माणूस मरतो.

रानडुक्कर आणि रोही मारण्याच्या परवान्याची सोय राज्यानं 2015 मध्ये केली. पण परवाना हातात आला तरी बंदूक कुठून आणायची आणि धावत्या कळपावर नेम कोण धरणार? हा उपाय कागदावरच शोभतो.

त्यापेक्षा पीक विम्यातला बदल कामाचा आहे. खरीप 2026 पासून वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान विम्यात धरण्याचं केंद्रानं जाहीर केलं. कोणते प्राणी आणि कोणते भाग, हे ठरवायचं आहे राज्यानं. ती यादी जंगलाचा नकाशा समोर ठेवून झाली, तर हिंगोली कोरडीच राहील. जिल्ह्याच्या कृषी आणि वन खात्यानं रोही, डुक्कर, हरीण ही तिन्ही नावं आणि माळावरची महसूल मंडळं यादीत आहेत का, हे पाहायला हवं. ग्रामसभांनीही तसे ठराव करून पाठवावेत. आणि विमा काढलेल्यांनी एक ध्यानात ठेवावं: नुकसान झाल्यापासून 72 तासांच्या आत, ठिकाणाची नोंद असलेल्या फोटोंसह, पीक विम्याच्या ॲपवर तक्रार करायची आहे.