पथ्य किती पाळतो, ते किराणा यादी सांगेल

तार्नाक्याची राष्ट्रीय पोषण संस्था ही आपल्या हैदराबादेतलीच. आयसीएमआर आणि या संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या १७ मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. देशातील एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार अयोग्य आहाराशी निगडित असल्याचा अंदाजही त्यात आहे. सूचनांची चर्चा पुष्कळ झाली. त्या प्रत्यक्षात पाळल्या किती जातात, हा प्रश्न मात्र मागेच राहिला.

याचे उत्तर मिळणे सोपे नाही. पाहणी करणारे सहसा काल दिवसभरात काय खाल्ले किंवा अमुक पदार्थ किती वेळा खाता, असे विचारतात. आपण फळे आठवणीने सांगतो, फरसाण विसरतो. फोडणीत तेल किती पडले, हे तर जेवणाऱ्याला माहीतच नसते. मिठाचा नेमका अंदाज यायला २४ तासांची लघवी तपासावी लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ‘रोज, आठवड्यातून, कधीतरी, कधीच नाही’ एवढीच नोंद होते. प्रमाण कळत नाही.

घरापुरता हिशेब मात्र आपल्याला जमण्यासारखा आहे. संस्थेच्या २००० कॅलरींच्या ताटात माणशी रोज २७ ग्रॅम तेल-तूप आणि ४०० ग्रॅम भाजी धरली आहे. मिठाची मर्यादा ५ ग्रॅम. म्हणजे चार प्रौढांच्या घरात महिन्याला तेल-तूप मिळून सव्वातीन किलोच्या आसपास लागावे, मिठाची किलोची पिशवी ५० दिवस पुरावी आणि रोज १ किलो ६०० ग्रॅम भाजी यावी. लोणचे, पापड आणि बाहेरच्या खाण्यातले तेल-मीठ यात आलेलेच नाही, हेही लक्षात घ्यावे.

या हिशेबालाही मर्यादा आहे. सरासरीत घरातला फरक झाकला जातो. शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईच्या वाट्याला भाजी किती उरली, हे किराणा यादी सांगत नाही.

तरीही मोजायला हवे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. या उंबरठ्यावरून मागे फिरता येते. सभासद कुटुंबांनी एक महिना तेल, मीठ आणि भाजीची नोंद ठेवावी, अशी आमची विनंती आहे. मंडळाच्या सणासुदीच्या जेवणावळीलाही आपण हाच हिशेब लावू.