जनरेटर आला, चेंजओव्हरचे काय?



२०१९ आणि २०२१ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडच्या कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. अशा वेळी दारात छोटा जनरेटर असावा असे कोणालाही वाटेल. तो घेण्यास आमची ना नाही. आमचे म्हणणे आहे ते जोडणीबद्दल.

वीज गेली की दोन्ही टोकांना पिना लावलेली वायर काढायची, एक टोक जनरेटरात, दुसरे घरातल्या सॉकेटात, की झाला उजेड! ही युक्ती कोणी काढली देव जाणे, पण ती माणूस मारणारी आहे. मेन स्विच बंद करायचे राहिले, तर ही वीज सर्व्हिस वायरमधून उलटी पोलवर चढते. तिकडे वायरमनने डीपीवरचे फ्यूज काढलेले, लाईन मेली म्हणून तो निर्धास्त तारेला हात घालतो. डीपीपर्यंत ही वीज पोहोचली, तर तिथे २३० व्होल्टचे हजारो व्होल्ट होऊ शकतात. खांबावर चढलेला तो पोरगा आपल्यापैकीच कोणाचा तरी असतो. शिवाय मध्येच पोलवरची वीज आली, तर जनरेटर जळतो तो वेगळाच.

“आम्ही मेन आठवणीने बंद करतो,” असे काहीजण म्हणतील. तुम्ही कराल हो, पण रात्री अंधारात घरातले दुसरे कोणी चालू करणार नाही कशावरून? चेंजओव्हर स्विचला आठवण लागत नाही. खटका एक तर पोलकडे, नाही तर जनरेटरकडे. दोन्हीकडे एकदम राहूच शकत नाही. तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा असावा, आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच बसवावा. अर्थिंगही त्याच्याकडूनच तपासून घ्यावे.

दुसरी गोष्ट धुराची. पाऊस आला की जनरेटर सोप्यात, गोठ्यात नाही तर मोटारीच्या खोलीत ओढला जातो. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. डोके दुखते, गरगरते, झोपलेला माणूस तर उठतच नाही. खिडकी उघडी ठेवून भागत नाही. दारा-खिडक्यांपासून वीस फूट लांब, धुराचे तोंड घराच्या उलट बाजूस, आणि वर चार मेढींवर पत्रा, बाजू सगळ्या मोकळ्या. एवढे केले की पावसाचीही भीती नाही.

बाकी चालवणे अवघड नाही. सपाट जागा, ऑईल पाहिलेले, पेट्रोलचा कॉक उघडा, चोक ओढून दोरी ताठ होईपर्यंत हळू आणि मग झटक्यात. सुरू झाला की चोक आत, दोन-तीन मिनिटे रिकामा चालू द्या, मग एकेक उपकरण लावा. एक एचपीची मोटार ७४६ वॉटची खरी, पण सुरू होताना ती कितीतरी पट करंट ओढते. लहान यंत्राला तिच्या वाटेला लावू नये. पेट्रोल भरताना यंत्र बंद आणि गार, आणि बिडी लांब. (पूर्वी रॉकेलवर चालणारी यंत्रे होती, तेव्हाची सवय पेट्रोलला चालत नाही.)

संचालक मंडळास आमची सूचना आहे की, शेतकी विभागाने प्रत्येक गट ऑफिसात एकदा हे प्रत्यक्ष करून दाखवावे, आणि ज्यांना हवा त्यांना चेंजओव्हर उधारीवर देऊन त्याची रक्कम ऊस बिलातून कापावी. कपातीचे नाव काढले की सभासदांच्या कपाळाला आठ्या पडतात हे आम्ही जाणून आहोत. ही एक कपात मात्र आम्ही स्वतः मागून घेत आहोत.