मातीची तपासणी वीतभरावर थांबते

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात दोन कामांसाठी खड्डे खणले जातात. पैठणकडे मोसंबीच्या कलमांसाठी मीटरभर लांब, रुंद आणि खोल खड्डे घेतले जातात. गावोगावच्या गायरानांवर आणि माळांवर वृक्षलागवडीसाठी दीड-दोन फुटांचे खड्डे होतात. दोन्ही ठिकाणी एखादा क्षण असा येतो की पहार खणकन वाजते. मजूर थांबतो, 'कडक लागलं' म्हणतो. मग जेसीबी येतो, किंवा खड्डा आहे तेवढ्यावरच आटोपला जातो. जे लागले ते नेमके काय होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. काही वर्षांनी बागेची पाने पिवळी पडतात, माळावरची रोपे उभ्याने वाळतात, आणि दोष पावसाला, कलमाला किंवा रोपवाटिकेला दिला जातो.

माती तपासली जात नाही असे नाही. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथे मृदा आरोग्य पत्रिका योजनेचा प्रारंभ झाला. या पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, बोरॉन, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब अशा १२ बाबींची नोंद असते. ती उपयुक्त आहे, खतांचा अंदाधुंद वापर रोखण्यासाठी आवश्यकही आहे. पण तिच्यासाठी नमुना घेतला जातो तो वरच्या १५ ते २० सेंटिमीटरमधून, म्हणजे जेमतेम वीतभर खोलीवरून. मोसंबीची मुळे त्याच्या कितीतरी खाली जातात. माती किती खोल आहे, खाली कडक थर आहे का, असल्यास तो कशाने कडक झाला आहे, यातले काहीही पत्रिकेत नसते. रुग्णाची त्वचा पाहून पोटाच्या विकारावर औषध लिहून द्यावे, तसा हा प्रकार आहे.

गंमत अशी की, आपल्याकडे ही नोंद पूर्वी होत होती. मुंबई इलाख्यात विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी बसवलेल्या जमीन मोजणीच्या पद्धतीत, जिचे नियम १८४७च्या संयुक्त अहवालात बांधले गेले, शेताची प्रतबंदी करताना खणून खोली मोजली जाई. उत्तम पोताची, पावणेदोन हात, म्हणजे सुमारे ८० सेंटिमीटर खोल माती सोळा आणे धरली जाई. खोली कमी होईल तसे आणे उतरत. मातीतील दोषांसाठी ठरावीक खुणा होत्या. चुनखडीचे खडे असतील तर एक खूण, वाळू मिसळली असेल तर दुसरी, पाणी न मुरणारी माती असेल तर आणखी वेगळी. पुढे निजामाच्या राज्यातील मराठवाड्यातही याच धर्तीवर जमिनीची पाहणी झाली. हे सारे सारावसुलीसाठी होते, शेतकऱ्याच्या प्रेमापोटी नव्हे. तरीही पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा कारकून जे पाहत होता, ते आजच्या पत्रिकेत नाही, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

शेतकरी ज्याला 'कडक थर' म्हणतो, त्यात किमान चार वेगवेगळे आजार दडलेले असू शकतात. पहिला, नांगराच्या तळाखाली दाबला गेलेला थर. वर्षानुवर्षे एकाच खोलीवर नांगरट, ओल्या रानात जड ट्रॅक्टर, यातून तो तयार होतो. दुसरा, मुरूम, म्हणजे अर्धवट कुजलेला काळा पाषाण. तिसरा, चोपण माती. तिच्यात सोडियम वाढल्याने चिकणमातीचे कण विलग होतात आणि छिद्रे बुजवतात. चौथा, खऱ्या अर्थाने सिमेंटसारखा जोडला गेलेला थर. आपल्याकडे तो बहुधा चुन्याने जोडलेला असतो.

चुना येतो कुठून? मराठवाड्याचा पाया सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा. या खडकातील खनिजांत कॅल्शियम भरपूर असते. पावसाचे पाणी ते विरघळवून खाली नेते. पण वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पावसात पाणी फार खोल पोहोचत नाही. जिथे ओल संपते तिथे चुना बसतो. आधी पांढरी भुकटी, मग खडे, आणि हजारो वर्षांनी खड्यांना खडे जुळून सलग थर. कोकणात याच जातीच्या खडकावर तिप्पट-चौपट पाऊस पडतो. तिथे चुना वाहून जातो, लोह मागे राहते आणि त्याने जोडला गेलेला जांभा तयार होतो. खडक एकच, पाऊस वेगळा, म्हणून कडक थरही वेगळा.

जगभर मृदाशास्त्रज्ञ अशा थरांना त्यांच्या 'सिमेंट'वरून ओळखतात. रशियाच्या डोकुचाएव यांनी १८८३ मध्ये तेथील काळ्या मातीवर ग्रंथ लिहिला आणि माती पृष्ठभागावरून नव्हे, तर खड्ड्याच्या उभ्या भिंतीवर दिसणाऱ्या थरांवरून वाचायची असते, हा विचार रुजवला. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी वर्गीकरणाने त्याला मोजमाप दिले. चुन्याने जोडलेला थर म्हणून नोंद व्हायची, तर तो सलग हवा, साधारणतः किमान १० सेंटिमीटर जाड हवा, आणि मुळांना उतरता येईल अशा भेगा असल्याच तर त्या एकमेकींपासून १० सेंटिमीटर किंवा अधिक अंतरावर हव्यात. म्हणजे प्रश्न फक्त 'कडक आहे का' एवढा नाही, तर 'मूळ वाट काढू शकेल का' असा आहे. कॅलिफोर्नियातील सॅन वाकिन ही माती याच कारणासाठी प्रसिद्ध आहे. तिच्याखालचा थर सिलिकाने जोडलेला आहे. तिला त्या राज्याने अधिकृत 'राज्यमृदा' म्हणून मान दिला आहे.

या निदानाची पहिली पायरी महागड्या यंत्राची नाही. थराचे ढेकूळ काढून पूर्ण वाळवावे आणि काचेच्या ग्लासात, पावसाच्या स्वच्छ पाण्यात रात्रभर ठेवावे. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात निकाल फसवा येऊ शकतो. ढेकूळ विरघळून ढासळले, तर थर दाबलेला आहे, जोडलेला नाही. ढेकळाभोवती दुधासारखा गढूळपणा पसरला आणि तो खाली बसेना, तर चोपणाचा संशय घ्यावा. ढेकूळ जसेच्या तसे राहिले, तर मुरूम किंवा जोडलेला थर. मुरमात मूळ खडकाची ठेवण दिसते. पुढची चाचणी प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाने करायची: ढेकूळ सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकायचे. नुसते फसफसले म्हणून निष्कर्ष काढता येत नाही, कारण मराठवाड्यातील बहुतेक काळी माती फसफसतेच. आम्लात ढेकूळ सुटून मोकळे झाले, तर त्याला बांधणारा चुनाच होता. सिलिकाने बांधलेला थर आम्लालाही दाद देत नाही.

निदान वेगळे तर उपचार वेगळा. नांगराखालचा थर कोरडा असताना सबसॉयलरने फोडता येतो. ओला असताना तेच अवजार फक्त चीर पाडून जाते आणि पैसे वाया जातात. चोपणात सबसॉयलर चालवून लाभ टिकत नाही. तिथे अहवालानुसार जिप्समची मात्रा आणि पाण्याचा निचरा हवा. मुरमाच्या सांध्यांतून काही झाडांची मुळे उतरतात. चुन्याचा सलग थर मात्र एकदा फोडला तरी चुना तिथेच राहतो. लिंबूवर्गीय फळांसाठी मुक्त चुना १० टक्क्यांपेक्षा कमी असावा, असे शेतीतज्ज्ञ सांगत आले आहेत. तो जास्त असेल, तर जमिनीत लोह असूनही झाडाला ते उचलता येत नाही. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसू लागतो. काळ्या पाषाणातून बनलेल्या मातीत लोहाची ददात नसते. ते कुलूपबंद झालेले असते. अशा बागेत दरवर्षी लोहाच्या फवारण्या करणे म्हणजे ताप उतरवत राहायचे आणि तापाचे कारण शोधायचेच नाही.

माळरानांचा प्रश्न तर आणखी वेगळा आहे. जिल्ह्यातील माळांवर माती अनेकदा अर्धा-पाऊण फूटही नसते, खाली मुरूम किंवा पाषाण असतो. अशा जागी घेतलेला खड्डा कुंडीसारखा वागतो. पावसाळ्यात पाणी साचते, उन्हाळ्यात तापतो, आणि मुळे आतल्या आत फिरत राहतात. २०१९ मध्ये राज्याने ३३ कोटी वृक्षलागवडीचे लक्ष्य ठेवले होते. अशा मोहिमांत रोपे मोजली जातात, जमिनीची खोली मोजली जात नाही. जिथे माती २५ सेंटिमीटरपेक्षा उथळ आणि खालचा थर सलग, तिथे गवत ही त्या जमिनीची हार नव्हे, तिची प्रकृती आहे. कुसळीने भरलेल्या माळावर चराईला विसावा दिला, तर पवन्या, मारवेलसारखी चांगली गवते परतण्याची शक्यता असते. ती शेळ्या-मेंढ्यांना जगवतात आणि माती धरून ठेवतात. सरकारी कागदात अशा जमिनीला 'पडीक' म्हटले की तिच्यावर काहीतरी लावलेच पाहिजे, असे वाटू लागते. निरोगी माणसाला रुग्ण ठरवून औषध देण्यासारखे ते आहे.

आरोग्याच्या पानावर मातीची ही चर्चा कशाला, असे कोणी विचारेल. जुलाब झालेल्या बाळाला ओआरएससोबत १४ दिवस जस्ताची गोळी दिली जाते, हे आता गावागावांतील आशाताईंनाही ठाऊक आहे. जस्त अन्नातून येते आणि धान्यातील जस्त काही अंशी मातीवर ठरते. चुनखडीच्या जमिनीत जस्त आणि लोह दोन्ही पिकाला कमी मिळतात. मातीत जस्त टाकले की बालकांचे कुपोषण हटेल, इतके हे सोपे नाही. आहार, स्वच्छता, जंत, गरिबी अशी अनेक कारणे त्यात आहेत. 'धनशक्ती'सारखे लोह अधिक असलेले बाजरीचे वाण आले आहे, ही आशेची बाब आहे. परंतु वाणाची ताकद ताटात उतरायची असेल, तर ते कोणत्या जमिनीत पेरले जाते, याकडेही पाहावे लागेल. आणि फसलेल्या बागेचे कर्ज घराच्या पोषणावर, औषधपाण्यावर येऊन पडते, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

ज्ञानाची आणि संस्थांची वानवा नाही. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो १९७६ पासून नागपुरातच आहे. परभणीचे कृषी विद्यापीठ, शहरातील हिमायतबागेतले फळ संशोधन केंद्र, बदनापूरचे मोसंबी संशोधन केंद्र आणि पाणी व जमीन यांचा एकत्र विचार करण्यासाठी उभारलेली वाल्मी हाताशी आहेत. कमी आहे ती एका साध्या सवयीची.

प्रत्येक गावात माळ, उतार आणि खोलगट भाग अशा प्रत्येक ठिकाणी किमान एक मीटरभर खोल खड्डा घेऊन त्याचे थर तज्ज्ञाकडून लिहून घ्यावेत. हे खणण्याचे काम रोजगार हमीतून होऊ शकते. नोंद आणि छायाचित्रे ग्रामपंचायतीत लावावीत. मृदा आरोग्य पत्रिकेत तीन ओळी वाढवाव्यात: मातीची खोली, कडक थर कोणता, आणि खालच्या थरातील चुन्याचे प्रमाण. फळबागेचे अनुदान किंवा वृक्षलागवडीचा निधी देण्यापूर्वी ही नोंद सक्तीची करावी. खड्डे तर दरवर्षी खणले जातातच. ते भरण्यापूर्वी दहा मिनिटे त्यांच्या भिंतीकडे पाहायचे, एवढेच मागणे आहे.

शेतकऱ्यानेही यंदा कलम आणण्यापूर्वी पहार जिथे वाजली तिथले एक ढेकूळ घरी न्यावे आणि ग्लासभर पाण्यात टाकून सकाळी पाहावे. त्या ढेकळाचे काय झाले, यावर पुढच्या वीस वर्षांची बाग अवलंबून असू शकते.