लाल गळ्याचा सरडा

मुलांनो, परवा मधल्या सुट्टीत आमच्या पिपरी मेघेच्या शाळेत एकच गलका झाला. कुंपणावर एक सरडा बसला होता. डोकं नि गळा लालभडक! पाचसहा जणांच्या हातात दगड. "मॅडम, थो रक्त पेते! म्हणून लाल झाला!"

छे! सरडा खातो किडे, मुंग्या, नाकतोडे. रक्त पीत नाही. मग तो लाल का झाला? अरे, तो नवरदेव आहे! पावसाची चाहूल लागली की सरड्यांची लगीनघाई सुरू होते. नर रंग बदलतो आणि जोर काढल्यासारखा वरखाली होतो. दुसऱ्या नराला सांगतो, 'ही जागा माझी.' मादीला सांगतो, 'मी इथे आहे.'

पण पावसाळाच का बरं? थंड देशांतले सरडे उन्हाची वाट पाहतात. आपल्याकडे ऊन भरपूर, अडचण आहे ती ओलाव्याची. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. काळी माती भेगाळते, दगडासारखी होते. तिथे मादी खड्डा कसा करणार? शिवाय सरड्याच्या अंड्याचं कवच कोंबडीच्या अंड्यासारखं कडक नसतं, कातड्यासारखं मऊ असतं. मातीतला ओलावा शोषून अंडं फुगतं. कोरड्या मातीत ते सुकून जाईल. पाऊस पडला, की माती मऊ होते आणि पिल्लांसाठी किडेही भरपूर होतात.

दूर इंडोनेशियात जावा बेट आहे. त्याच्या पश्चिम भागात जवळजवळ वर्षभर ओलावा असतो. तिथल्या घरांतल्या पाली बाराही महिने अंडी घालतात! आपल्या सरड्याला मात्र हे थोडेच महिने मिळतात.

मादी खड्ड्यात दहा-वीस अंडी घालते, माती लोटते, तोंडाने दाबते आणि निघून जाते. साधारण दीड महिन्याने पिल्लं बाहेर येतात आणि लगेच स्वतःची शिकार स्वतः करू लागतात. म्हणजे या दिवसांत एक मादी मेली, की दहा-वीस पिल्लंही गेली.

हे ऐकून दगड खाली पडले. एक मुलगा मात्र मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, मी मागच्या वर्षी एक मारला होता." मी काही बोलले नाही. चार दिवसांनी कोथिंबिरीच्या वाफ्यात एका मादीने अंडी पुरली. तिथे कुणी खुरपं चालवू नये म्हणून त्यानेच भोवती चार काड्या रोवल्या. आता रोज सकाळी आधी तिकडे धावतो.

तुम्हीही पाहा हं! लाल गळ्याचा सरडा पहिल्यांदा कधी दिसला, पाऊस कधी पडला, पिल्लं कधी दिसली, तारखा वहीत लिहा. आईबाबांनाही दाखवा. फक्त दुरून पाहायचं, बरं का!