न्यूट्रिनोचें वस्तुमान आणि कापसाचा भाव

गेल्या महिन्यांत यवतमाळांतील एका व्याख्यानानंतर एका वकील गृहस्थांनीं आम्हांस भर सभेंत विचारलें, “प्राध्यापकमहाशय, न्यूट्रिनोचें वस्तुमान कळल्यानें आमच्या कापसाचा भाव किती वाढेल?” सभा हंसली. आम्हीही हंसलों, पण घरीं आल्यावर तें हंसें बोचूं लागलें.

ज्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे आंकडे वर्षानुवर्षें छापले जातात, तेथें हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नव्हे. म्हणून सरळ उत्तर देतों : एका पैनेंही वाढणार नाहीं. परंतु त्या प्रश्नामागचा हिशेब मात्र खोटा आहे. तमिळनाडूंतील थेनी जिल्ह्यांत डोंगराच्या पोटांत न्यूट्रिनो वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळानें २०१५ च्या जानेवारींत मान्यता दिली. खर्च सुमारें १,५०० कोटी रुपये. ती वेधशाळा आजतागायत उभी राहिली नाहीं. मग हा वांचलेला पैसा कोणत्या कापूसवाल्याच्या पदरांत पडला, तें वकीलसाहेबांनीं दाखवावें!

गमावलें काय, तें आम्ही दाखवितों. विश्वकिरणांचा गोंगाट अडवावयास डोक्यावर खडक लागतो. १९६५ सालीं कोलारच्या सोन्याच्या खाणींत, दोन किलोमीटरांहून अधिक खोल, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं इंग्रज व जपानी सहकाऱ्यांसह वातावरणांत जन्मणाऱ्या न्यूट्रिनोंचा माग लावला. त्या वेळीं तोडीस तोड असा गट एकच, दक्षिण आफ्रिकेंतील खाणींतला. कोलारची खाण २००१ सालीं बंद झाली. २०२५ सालीं जर्मनींतील कार्ल्सरूहे येथून बातमी आली कीं, ट्रिटियमच्या ऱ्हासांत निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजतां न्यूट्रिनोचें वस्तुमान ०.४५ इलेक्ट्रॉनव्होल्टांहून, म्हणजे इलेक्ट्रॉनाच्या दशलक्षांशाहूनही, कमी ठरतें. आम्ही ती बातमी वाचली; एवढाच आमचा वांटा. कृष्णद्रव्याच्या कणांच्या शोधासाठीं झारखंडांत जादूगुड्याच्या युरेनियमच्या खाणींत सुमारें ५५० मीटर खोल एक लहान प्रयोगशाळा २०१७ सालीं उघडली, हें त्यांतल्या त्यांत समाधान.

थेनीच्या गांवकऱ्यांस अडाणी म्हणण्याची चाल मात्र आम्हांस मान्य नाहीं. वेधशाळेंतून किरणोत्सर्ग होईल ही भीति निराधार होती. सूर्याचे न्यूट्रिनो आपल्या देहाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरांतून दर सेकंदास सुमारें ६,५०० कोटी या संख्येनें जातच असतात. पण पाण्याची व अरण्याची चिंता पोकळ नव्हती. तमिळनाडू सरकारनें २०२२ सालीं सर्वोच्च न्यायालयांत विरोध केला, तोही वाघांच्या वाटेचा दाखला देऊन. शास्त्रज्ञांच्या खुलाशाआधीं अफवा गांवांत पोंचली, असें आम्हांस वाटतें. आणि हा दोष विद्वानांचा.

आतां आमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथाजवळ चार-चार किलोमीटरांच्या दोन भुजांची गुरुत्वतरंग वेधशाळा व्हावयाची आहे. २०२३ सालीं तिला २,६०० कोटींची मंजुरी मिळाली. ती काय मोजणार, हें तेथल्या शेतकऱ्यास मराठींत समजावून देणारे आम्हां प्राध्यापकांत किती निघतील? आम्हीं स्वतः तीस वर्षें इंग्रजींतच शिकविलें. पुढच्या रविवारीं आम्ही औंढ्यास जाणार आहों. वकीलसाहेबांनींही यावें, एस. टी.चें तिकीट आमच्याकडून.