अपयशाचा ताळमेळ

नवी दिल्लीतील तीन मूर्ती परिसरातील नेहरू तारांगणाने ‘सोयुझ टी-१०’ या अवकाशयानाची कुपी जतन केली आहे. याच कुपीतून ११ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा पृथ्वीवर परतले. राजधानी परिसरातील अनेकांनी ती कौतुकाने पाहिली असेल. मात्र तिच्यामागे असलेली अपयशाची कथा फारशी सांगितली जात नाही.

२६ सप्टेंबर १९८३ रोजी बैकानूरच्या तळावर सोव्हिएत अग्निबाणाने उड्डाणापूर्वीच पेट घेतला. एका झडपेतील बिघाडामुळे इंधन सांडले होते. अग्निबाणाचा स्फोट होण्याच्या अगदी आधी बचाव यंत्रणेने तितोव्ह आणि स्त्रेकालोव्ह या अंतराळवीरांना कुपीसह वर उचलले व सुमारे चार किलोमीटर अंतरावर सुखरूप उतरविले. त्यानंतर साडेचार महिन्यांनी, ८ फेब्रुवारी १९८४ रोजी सोयुझ पुन्हा माणसांना घेऊन झेपावले. ते यान म्हणजेच ‘टी-१०’. एप्रिलमध्ये राकेश शर्मा यांच्यासोबत अवकाशात गेलेल्या दोघांपैकी एक होते तेच स्त्रेकालोव्ह!

अशा पुनरागमनाचे श्रेय आपण सहसा जिद्दीला देतो. जिद्द हवीच, परंतु तेवढ्याने अग्निबाण उडत नाही. त्यासाठी दोषाचा नेमका ठावठिकाणा लागावा लागतो.

आपल्याच देशातील उदाहरण पाहू. १० जुलै २००६ रोजी श्रीहरिकोटा येथून जीएसएलव्ही-एफ०२ हा अग्निबाण इन्सॅट-४सी उपग्रह घेऊन निघाला. उड्डाण होताच त्याच्या चार द्रवइंधन जोड-इंजिनांपैकी एकाचा रेटा नाहीसा झाला. अग्निबाण मार्गावरून ढळला आणि मिनिटभरात उपग्रहासह नष्ट झाला. चौकशी समितीने उड्डाणाची माहिती पडताळून निष्कर्ष काढला, की इंजिनाच्या वायुजनित्राला होणारा इंधनपुरवठा नियंत्रित करणारा एक छोटा भाग सदोष होता. आराखडा निर्दोष होता. चूक निर्मितीत झाली होती आणि नंतरच्या तपासणीतूनही ती निसटली होती. म्हणून अग्निबाण नव्याने आखण्याऐवजी निर्मितीची व तपासणीची शिस्त कडक करण्यात आली. चौदा महिन्यांच्या आत, २ सप्टेंबर २००७ रोजी, जीएसएलव्ही-एफ०४ ने इन्सॅट-४सीआर कक्षेत नेला.

बँकेत काम करणाऱ्यांना यातील मर्म सांगण्याची आवश्यकता नाही. दिवसअखेर रोख जुळली नाही, तर रक्कम कितीही लहान असो, फरक सापडेपर्यंत शोध चालतो. स्वतःच्या खिशातून तेवढे पैसे घालून हिशेब जुळविणे हा उपाय नव्हे. त्याने फरक मिटतो, चूक तशीच राहते. एकाने नोंद करावी व दुसऱ्याने ती तपासावी, हा आपला नियमही याच जाणिवेतून आला आहे. एफ०२ च्या बाबतीत चूक करणारा हात एकच असेल. पण ती पुढे जाऊ देणाऱ्या पायऱ्या अनेक होत्या. एखाद्या कर्मचाऱ्यावर ठपका ठेवून फाईल बंद केली असती, तर त्या पायऱ्या तशाच राहिल्या असत्या.

येथे आणखी एक मुद्दा आग्रहाने मांडावासा वाटतो. २००६ च्या अपयशाचे कारण देशासमोर ठेवण्यात आले होते. हा पायंडा प्रत्येक अपयशानंतर पाळला जावा. १८ मे २०२५ रोजी पीएसएलव्ही-सी६१ तिसऱ्या टप्प्यातील बिघाडामुळे ईओएस-०९ उपग्रह कक्षेत पोहोचवू शकला नाही. अशा प्रसंगी सुरक्षेच्या दृष्टीने गोपनीय असलेला तपशील वगळावा. परंतु काय बिघडले, का बिघडले आणि काय बदलले, या तीन प्रश्नांची उत्तरे संसदेला व जनतेला ठराविक मुदतीत मिळावीत. हा पैसा करदात्यांचा आहे. शिवाय आता खाजगी उद्योगही अग्निबाणांचे भाग बनवितात; एका ठिकाणी सापडलेला दोष दुसरीकडे टळण्यासाठी तो सर्वांना ठाऊक असणे हिताचे आहे.

यावर असे म्हटले जाते, की उघड कबुलीने विश्वासाला तडा जातो. अनुभव मात्र उलट आहे. ठेवीदार आपली पुंजी बँकेच्या हाती सोपवितो, ती तेथे कधीच चूक होत नाही म्हणून नव्हे. झालेली चूक खतावणीत दडविली जात नाही, याची त्याला खात्री असते म्हणून.